प्लॅग किती टक्के आलं, एवढं विचारून भागत नाही: जर्नलमधली उचलेगिरी रोखायची कशी आणि सापडली तर करायचं काय

"मॅडम, तुमच्याकडे प्लॅग किती टक्के चालतं?"

प्लॅग म्हणजे प्लेजरिझम, आपल्या भाषेत उचलेगिरी. लेख पाठवायच्या आधी येणारा हा फोन मी इतक्या वेळा घेतलाय की आता मी उलट विचारते, लेखात दुसऱ्याचं काय काय घेतलंय आणि ते कुठे कुठे सांगितलंय? बरेचदा पलीकडून उत्तर येत नाही, आणि ते लबाडीमुळे असं मी म्हणणार नाही, हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलेलाच नसतो. मी एका कॉलेजच्या सहामाही जर्नलचं संपादनाचं काम बघते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लेख येतात, वेगळा स्टाफ नाही, तास संपले की आम्ही तीन-चार जण बसून करतो. अशा छोट्या जर्नलवाल्यांसाठी आणि तिथे लिहिणाऱ्या पीएचडीच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, कारण मोठ्या प्रकाशकांकडे यासाठी माणसं असतात, आपल्याकडे आपणच असतो.

आधी टक्क्यांचं काय ते समजून घ्या

सॉफ्टवेअर जे देतं तो सिमिलॅरिटी रिपोर्ट असतो. म्हणजे तुमच्या मजकुराशी जुळणारे शब्दांचे तुकडे त्याच्या साठ्यात कुठे सापडले एवढंच ते सांगतं. चोरी झाली की नाही हे त्याला कळत नाही, ते माणसानंच ठरवायचं असतं. ८ टक्क्यांच्या लेखात निष्कर्षाचा अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो, आणि ३० टक्क्यांच्या लेखात नुसती कायद्याची कलमं, अवतरणं आणि संदर्भसूची जुळलेली असू शकते.

मग हे १० टक्के आले कुठून? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे रेग्युलेशन्स आहेत, त्यात चार पातळ्या दिल्यात. १० टक्क्यांपर्यंत शून्य पातळी, म्हणजे किरकोळ साम्य, दंड नाही. १० ते ४० ही पहिली, ४० ते ६० दुसरी आणि ६० च्या वर तिसरी. पीएचडीच्या थीसिससाठी पहिल्या पातळीला सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं, दुसरीला एक वर्ष सुधारित थीसिस देता येत नाही, तिसरीला रजिस्ट्रेशनच रद्द. शिक्षकांच्या प्रकाशित लेखांसाठी पहिल्या पातळीला लेख मागे घ्यायचा, दुसरीला लेख मागे घेऊन वर एक वार्षिक इन्क्रिमेंट जातं आणि दोन वर्षं नवीन विद्यार्थी गाईड करता येत नाहीत, तिसरीला दोन इन्क्रिमेंट आणि तीन वर्षं. या मोजणीतून संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायदे, प्रमाण समीकरणं वगळायची असतात, आणि सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगानं जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेसुद्धा.

आता नीट बघा, हे आकडे आहेत संस्थेनं शिक्षा ठरवण्यासाठी. जर्नलनं लेख घ्यायचा की नाही यासाठी ते बनवलेलेच नाहीत. पण आपल्याकडे झालं काय, की "१० टक्क्यांपर्यंत चालतं" अशी समजूत पसरली आणि मुलं ९ टक्के आणण्यासाठी शब्द बदलत बसली. वाईट याचं वाटतं की तेवढ्याच वेळात ती स्वतःचं दोन पानं लिहू शकली असती.

पायरी १: नियम लेख यायच्या आधी छापून ठेवा

प्रकरण घडल्यावर नियम बनवायला बसलात तर समोरचा म्हणणार, हे आधी कुठे लिहिलं होतं? आणि त्याचं बरोबर असतं. वेबसाइटवर आणि प्रत्येक अंकात एक पान पुरतं. त्यात इतकं हवंच: उचलेगिरी म्हणजे आम्ही काय काय धरतो (शब्द, कल्पना, तक्ते, चित्रं, अनुवाद करून घेतलेला मजकूर, स्वतःचाच आधी छापलेला मजकूर), तपासणी कशी करतो, शंका आली तर लेखकाला किती दिवस देतो, कुणाला कळवतो, छापल्यावर सापडलं तर काय करतो. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे कोप, ही १९९७ साली ब्रिटनमध्ये जर्नल संपादकांनी सुरू केलेली संस्था, तिचे फ्लोचार्ट फुकट मिळतात, सभासद नसलात तरी त्यांच्या पायऱ्या वापरायला हरकत नाही, आम्ही तेच करतो.

लेखाबरोबर एक सहीचं पत्रही घ्या, सगळ्या लेखकांच्या सहीचं, एकट्या पहिल्या लेखकाचं नको. मजकूर आमचा आहे, दुसरीकडे पाठवलेला नाही, यातला कुठला भाग आधी कुठे (थीसिस, परिषद, ब्लॉग) आला असेल तर तो असा असा. हा शेवटचा मुद्दा फॉर्ममध्ये वेगळा रकाना करून विचारा, कारण विचारल्यावर लोक खरं सांगतात असाच माझा अनुभव आहे.

या सगळ्याचं महत्त्व आता जास्त वाढलंय. यूजीसी केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, जिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे जर्नल चांगलं की वाईट हे आता लेखकानं आणि कॉलेजनं स्वतः ठरवायचंय, आणि ते ठरवताना तुमचं धोरण लेखी आहे का हे कुणीही पहिल्यांदा बघणार.

पायरी २: लेखकानं घरी करायचं ते

बरीचशी उचलेगिरी लिहिताना होतच नाही, ती नोट्स काढताना होते. पुस्तकातला परिच्छेद वहीत किंवा वर्डच्या फाइलमध्ये उतरवला, पान नंबर टाकला नाही, आणि वर्षभरानं तो वाचला तर आपलाच वाटतो. म्हणून नोट्समध्ये तीन गोष्टी डोळ्यांना वेगळ्या दिसल्या पाहिजेत: जसंच्या तसं उतरवलेलं (मी लाल रंगात ठेवायला सांगते, अवतरणचिन्हं लगेच टाकून), आपल्या शब्दात मांडलेलं, आणि आपलं स्वतःचं मत. तिन्हींना पान नंबर. रंगाचा कंटाळा येत असेल तर तीन वेगळ्या फाइल करा.

दुसरं, स्वतःच्या शब्दात मांडणं म्हणजे शब्द बदलणं नव्हे. समजा मूळ वाक्य असं आहे (हे मी उदाहरणासाठी रचलंय):

"१९७२ च्या दुष्काळाने ग्रामीण मजुरांच्या स्थलांतराला वेग दिला आणि सरकारला रोजगाराची जबाबदारी स्वीकारणे भाग पडले."

याचं मुलं हे करतात:

"१९७२ सालच्या अवर्षणाने खेड्यातील श्रमिकांच्या स्थलांतरास गती दिली व शासनाला कामाची जबाबदारी घेणे अपरिहार्य झाले."

सॉफ्टवेअर कदाचित सोडून देईल. पण वाक्याचा सांगाडा तोच, क्रम तोच, युक्तिवाद तोच, आणि खाली संदर्भ नाही, तर ही उचलेगिरीच आहे. संदर्भ दिला तरी हे अर्धवटच. योग्य कसं, तर पुस्तक मिटवायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि मग आपल्या लेखाला त्यातलं काय हवंय तेवढंच लिहायचं: "रोजगार हमीची सुरुवात धोरणातून कमी आणि दुष्काळातल्या स्थलांतराच्या दबावातून जास्त झाली असं अमुक लेखक (वर्ष, पान) मांडतात, पण मी ज्या गावात काम केलं तिथल्या मस्टरवर याचं वेगळं चित्र दिसतं." बघा, इथे श्रेय आहे आणि लेखकाचं स्वतःचं पाऊलही आहे.

पॅराफ्रेझिंगचे टूल तर अजिबात नको. २०२१ साली गियोम काबानाक, सिरिल लाब्बे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघांनी दाखवलं की शेकडो पेपरांत विचित्र शब्दप्रयोग सापडतायत, आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं "काउंटरफीट कॉन्शसनेस", ब्रेस्ट कॅन्सरचं "बुझम पेरिल". टूलनं शब्द फिरवले आणि लेखकानं परत वाचलंसुद्धा नाही. मराठीतही असं येतं, इंग्रजीतून हिंदी आणि हिंदीतून मराठी असं मशीननं फिरवलेलं, वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं.

एआयचं थोडक्यात: कोपनं २०२३ मध्येच सांगितलंय की एआय टूल लेखक होऊ शकत नाही आणि वापरलं असेल तर कशासाठी वापरलं ते सांगायचं. त्यानं दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघा, कारण अस्तित्वात नसलेली पुस्तकं ते खुशाल देतं.

स्वतःचाच मजकूर पुन्हा वापरणं, याबद्दल यूजीसीनं २०२० मध्ये वेगळी नोटीस काढली होती. एकच लेख थोडा फिरवून दोन जर्नलला देणं, किंवा एका अभ्यासाचे तुकडे करून चार पेपर काढणं आणि कशातच बाकीच्यांचा उल्लेख न करणं, हे प्रमोशनसाठी पॉइंट मोजताना सरळ फसवणूक ठरतं. पण स्वतःच्या पीएचडीच्या प्रकरणावरून लेख काढणं यात गैर काहीच नाही, फक्त पहिल्या पानावर तसं लिहा. शोधगंगेवर (देशभरातल्या पीएचडी थीसिसच्या ऑनलाइन साठ्यावर) थीसिस असल्यामुळे रिपोर्टमध्ये ६०-७० टक्के येऊ शकतं, संपादकाला आधीच कळवलंत तर तो तेवढा स्रोत वगळून बघेल.

आणि एक सावधगिरी. ड्राफ्ट कुठेतरी झेरॉक्सवाल्याकडे "प्लॅग काढून" घेऊ नका. टर्निटिनसारख्या सिस्टिममध्ये अपलोड केलेली फाइल साठ्यात जमा करायची की नाही याची सेटिंग असते, तिकडच्या माणसानं ती जमा होऊ दिली तर पुढच्या वेळी तुमचा लेख तुमच्याच ड्राफ्टशी जवळपास पूर्ण जुळतो. असं झालेली एक मुलगी माझ्यासमोर रडली आहे. बऱ्याच विद्यापीठांत शोधशुद्धी योजनेतून अधिकृत सॉफ्टवेअर आहे (आधी उरकुंड होतं, आता ड्रिलबिट), ग्रंथपालांना भेटा.

सहलेखकांनो, तुम्हीही शेवटचा ड्राफ्ट ओळ न ओळ वाचा. २०११ साली अ‍ॅडव्हान्स्ड मटेरिअल्स या जर्नलमधल्या एका पेपरात, ज्याचे एक लेखक सी. एन. आर. राव होते, दुसऱ्या पेपरातली काही वाक्यं जशीच्या तशी निघाली, मुख्यतः प्रस्तावनेत. प्रयोग त्यांचेच होते, तरी लेखकांना जर्नलमध्ये माफी छापावी लागली. प्रस्तावना विद्यार्थ्यानं लिहिली हे कारण वाचकाला पुरत नाही, नाव सगळ्यांचं असतं.

पायरी ३: लेख आला, रिपोर्ट कसा वाचायचा

रेफरीकडे (लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवायच्या आधी रिपोर्ट काढा, नाहीतर रेफरीचा महिना वाया जातो. संदर्भसूची वगळा, अवतरणं पहिल्यांदा वगळू नका, कारण अख्खं पान अवतरणचिन्हात टाकून टक्के कमी करणारे असतात.

मग टक्क्याकडे न बघता तीन गोष्टी बघा. एकाच स्रोताशी सलग किती जुळतंय, हे पहिलं. वीस वेगवेगळ्या ठिकाणांशी प्रत्येकी अर्धा टक्का असेल तर ती बहुतेक भाषेतली नेहमीची वाक्यं असतात, पण एकाच लेखाशी ७ टक्के म्हणजे थांबायचं. दुसरं, कुठे जुळतंय. प्रयोगाच्या पद्धतीचं वर्णन जुळणं वेगळं, आणि चर्चा, निष्कर्ष, निरीक्षणं जुळणं वेगळं. तिसरं, तिथे संदर्भ आहे का. हे तिन्ही बघायला दोन्ही मजकूर शेजारी शेजारी उघडावे लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही, एका लेखाला तासभर धरा.

अगदीच कमी टक्के आले तरी सावध व्हा. शब्दांच्या मध्ये पांढऱ्या रंगातली अक्षरं घालणं, इंग्रजी अक्षराच्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर टाकणं, पानं इमेज करून चिकटवणं हे प्रकार होतात. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की यातलं बरंचसं उघडं पडतं.

पायरी ४: मराठी लेखात सॉफ्टवेअरला फार दिसत नाही, तिथे तुमचे डोळे लागतात

याच्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण बाकीचं कुठेही मिळेल.

मराठीतले जुने अंक, पुस्तकं, कितीतरी थीसिस श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ साठवलेला असतो. सॉफ्टवेअर तो गोंधळ वाचतं, म्हणून तिथून शब्दन् शब्द उतरवला तरी रिपोर्ट येतो शून्य टक्के. शून्य टक्के बघून खूश झालेले संपादक मी बघितलेत, आणि सुरुवातीला मीही त्यावर विसंबले होते. ज्यांनी तीस-तीस वर्षं गावोगाव फिरून ओव्या, म्हणी, बखरी गोळा केल्या त्यांचं काम असं कुणाच्याही नावावर निघून जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही, हे मला फार लागतं.

तर करायचं काय. आलेली फाइल युनिकोडमध्येच मागा. पीडीएफ असेल तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, देवनागरी आली तर ठीक, कचरा आला तर फाइल परत. ज्या जुन्या पुस्तकावर शंका आहे त्याची पानं स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर टाका आणि गुगल डॉक्समध्ये उघडा, मराठीचा ओसीआर (चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणं) बऱ्यापैकी होतो. मग लेखातलं एखादं वेगळं, न विसरता येणारं सहा-सात शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हात घालून गुगलवर, शोधगंगेवर, मराठी विश्वकोशाच्या साइटवर, इंटरनेट अर्काइव्हवर शोधा. नेहमीची वाक्यं शोधू नका, "महाराष्ट्राला संतांची मोठी परंपरा आहे" हे हजार ठिकाणी मिळेल.

आणि वाचताना या खुणा दिसल्या की पेन्सिलनं रेघ ओढा:

- लेख स्वतंत्र आहे, पण मध्येच "मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे" येतं. पुस्तकातून किंवा थीसिसमधून उचललंय, मग ते स्वतःचं की दुसऱ्याचं ते शोधायचं.
- "अलीकडच्या पाच वर्षांत" असं लिहिलंय आणि संदर्भसूचीतला सगळ्यात नवा संदर्भ २००६ चा.
- तळटीपांचे आकडे १४ वरून एकदम १७ वर.
- मजकुरात नावं आहेत ती सूचीत नाहीत, सूचीत आहेत ती मजकुरात नाहीत.
- सगळं आजच्या शुद्धलेखनात, पण मध्येच एखादं "नाहीं" किंवा "कांहीं" अनुस्वारासकट राहून गेलेलं. १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यामुळे असं एक अक्षरसुद्धा जुन्या पुस्तकाकडे बोट दाखवतं.
- दोन पानं सहज, घरगुती भाषा, आणि मग अचानक दीड पान गुळगुळीत तत्सम मराठी.

एका लेखात मला असं एकच "कांहीं" सापडलं होतं, तेवढ्यावरून लायब्ररीत जाऊन शोधलं तर साठच्या दशकाच्या आधीच्या एका पुस्तकातली नऊ पानं निघाली. रिपोर्ट होता ३ टक्के.

अनुवाद करून घेतलेला मजकूर पकडणं सगळ्यात अवघड. इंग्रजीतला लेख मराठीत आणून स्वतःच्या नावावर देणं ही उचलेगिरीच आहे, "पण मराठी तर माझं आहे" हा खुलासा चालत नाही, अनुवादाला परवानगी आणि श्रेय दोन्ही लागतं. शंका आली तर त्या परिच्छेदाचं परत इंग्रजी करून, त्यातले खास शब्द आणि नावं एकत्र टाकून शोधा. मराठी लेखात उदाहरणं सगळी परदेशातली आणि एकही इथलं नाही, ही पण खूण असते. शेवटी खरा उपाय म्हणजे त्या विषयात मुरलेला रेफरी, त्यानं मूळ वाचलेलं असतं.

जमलं तर स्वतःच्या जर्नलचे जुने अंक युनिकोडमध्ये करून वेबसाइटवर टाका. काम वेळखाऊ आहे, आमचं अजून चालूच आहे, पण तुमच्या लेखकांचं लिखाण इतरांना शोधता आलं तरच ते उचलेगिरीपासून वाचेल.

पायरी ५: रेफरीवरही लक्ष

चोरी नेहमी लेखकच करतो असं नाही. १९७८ साली अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या हेलेना वॉक्सलिक्ट-रॉडबार्ड या संशोधिकेनं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पेपर पाठवला, तो तपासायला गेला येल विद्यापीठाच्या फिलिप फेलिग यांच्याकडे, त्यांनी तो आपल्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे दिला, आणि शेरा गेला नापसंतीचा. नंतर त्या दोघांचा त्याच विषयावरचा पेपर दुसऱ्या जर्नलकडे गेला आणि तपासणीसाठी फिरत फिरत नेमका रॉडबार्ड यांच्याच टेबलावर आला. त्यात त्यांची स्वतःची वाक्यं होती. पुढच्या चौकशीत आकड्यांचेही घोळ निघाले आणि पेपर मागे घ्यावे लागले.

म्हणून रेफरीला पाठवताना स्पष्ट लिहा: हे गोपनीय आहे, विद्यार्थ्याला किंवा सहकाऱ्याला द्यायचं असेल तर आधी विचारा, एआय टूलमध्ये टाकू नका, तुम्ही याच विषयावर काम करत असाल तर आत्ताच सांगा. कुणाला काय कधी पाठवलं याच्या तारखा जपा.

पायरी ६: छापायच्या आधी सापडलं तर

कोपच्या फ्लोचार्टचं सार आधी हे ठरवण्यात आहे की प्रकार किरकोळ आहे की मोठा. दोन-चार वाक्यं, संदर्भ राहून गेलेला, नवखा लेखक: साध्या भाषेत लिहा की इथे इथे श्रेय द्या किंवा पुन्हा लिहा, आणि लेख पुढे जाऊ द्या. पहिल्याच लेखात घाबरवून टाकलं तर ते मूल परत लिहिणारच नाही, मी अशा मुलांना फोन करून समजावते, पण लेखी नोंदही ठेवते.

मोठा भाग किंवा डेटाच उचलला असेल तर फोन नको, पत्र. शब्द तटस्थ ठेवा, "चोरी" हा शब्द पत्रात नकोच, खुलासा यायचाय. आम्ही साधारण असं लिहितो:

"आपला (शीर्षक) हा लेख आमच्याकडे विचाराधीन आहे. तपासणीत या लेखातील पान ३ ते ५ वरील मजकूर व सोबत जोडलेल्या प्रकाशित लेखातील मजकूर यांत बरेच साम्य आढळले. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी मांडून जोडले आहेत. हे साम्य कसे आले याचा लेखी खुलासा कृपया २१ दिवसांत पाठवावा. तोपर्यंत लेखावरील पुढील प्रक्रिया थांबवली आहे."

सोबत दोन रकान्यांचा तक्ता, डावीकडे लेख, उजवीकडे मूळ, पान नंबरांसकट, आणि लेख देताना त्यांनीच सही केलेलं पत्र. नुसता रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवला तर वाद टक्क्यांवर घसरतो.

खुलासा पटला तर सुधारणा मागा. नाही पटला किंवा कबूल केलं, तर कारण लिहून लेख नाकारा आणि प्रकार गंभीर असेल तर संस्थेला कळवा. उत्तरच आलं नाही तर बाकीच्या सहलेखकांना लिहा, तेही गप्प असतील तर संस्थेला. संस्थेत कुणाला? २०१८ च्या नियमांप्रमाणे विभाग पातळीवर डीएआयपी (डिपार्टमेंटल अ‍ॅकॅडमिक इंटेग्रिटी पॅनल) आणि संस्था पातळीवर आयएआयपी (तेच, इन्स्टिट्यूशनल) अशा समित्या असायला हव्यात, दोघींना ४५-४५ दिवसांची मुदत आहे. प्राचार्यांच्या नावे पत्र आणि समितीच्या अध्यक्षांना प्रत. शिक्षा त्यांनी ठरवायची, जर्नलनं कुणाचं इन्क्रिमेंट थांबवायचं नसतं, किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर नावही टाकायचं नसतं. हे शेवटचं मी ठासून सांगते, चौकशी व्हायच्या आधी एखाद्याचं नाव फिरलं की तो निर्दोष निघाला तरी डाग जात नाही.

दबाव येतो. "कॅसचा (बढतीचा) इंटरव्ह्यू आहे, एवढा लेख जाऊ द्या", ओळखीतून फोन, कधी वरून. अशा वेळी निर्णय एकट्यानं घेऊ नका, संपादक मंडळाच्या तिघांच्या सहीनं घ्या आणि मिनिट्समध्ये लिहा. फोन आला तर नम्रपणे सांगायचं, सर, हे लेखी पाठवा, मी मंडळापुढे ठेवते. लेखी सहसा येत नाही.

पायरी ७: छापून झाल्यावर सापडलं तर

तक्रार निनावी असली तरी पुरावा बघा, तक्रारदाराचं नाव मात्र बाहेर जाऊ देऊ नका. २००२ साली कुमाऊँ विद्यापीठाच्या कुलगुरूंचं नाव असलेला भौतिकशास्त्राचा एक पेपर स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांच्या १९९६ च्या पेपरातून उचललेला निघाला, तेव्हा आवाज उठवणाऱ्या विभागप्रमुख प्राध्यापिकेवरच आधी कारवाई झाली. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी थेट राष्ट्रपती कलामांना पत्र लिहिलं, चौकशी झाली, २००३ मध्ये कुलगुरूंनी राजीनामा दिला. प्रत्येक तक्रारदाराच्या मागे स्टॅनफर्ड उभं नसतं.

पायऱ्या आधीसारख्याच, तक्ता, पत्र, खुलासा, संस्था. पुढे तीन मार्ग. थोडा भाग आणि श्रेय राहिलेलं: दुरुस्ती छापा. मोठा भाग: लेख मागे घ्या. चौकशी लांबलीये आणि वाचकांना अंधारात ठेवणं बरोबर नाही: "या लेखाबद्दल शंका उपस्थित झाली असून चौकशी चालू आहे" अशी सूचना लेखाला जोडा.

लेख मागे घेणं म्हणजे वेबसाइटवरून गुपचूप पुसणं असं बरेच जण समजतात. तसं अजिबात करू नका. मूळ पान तिथेच राहतं, पीडीएफच्या प्रत्येक पानावर "मागे घेतलेला लेख" असं आडवं छापायचं, आणि वेगळी सूचना कुणालाही फुकट वाचता येईल अशी टाकायची, दोन्हीकडून एकमेकांना लिंक. सूचनेत लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकांची नावं, कोण मागे घेतंय (लेखक की संपादक), कारण, आणि ज्यांचा मजकूर घेतला त्या मूळ लेखनाचा पूर्ण संदर्भ. कारण गोलमोल नको. "काही तांत्रिक कारणास्तव" असं लिहिलं की मूळ लेखकाला न्याय मिळत नाही. "पान २१ ते २७ वरील मजकूर अमुक ग्रंथातून श्रेय न देता घेतल्याचे आढळल्याने संपादक मंडळ हा लेख मागे घेत आहे", एवढं स्वच्छ वाक्य पुरतं, विशेषणं नकोत. छापील अंक असेल तर पुढच्या अंकात सूचना, आणि अनुक्रमणिकेत तिचं नाव. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो देणाऱ्या क्रॉसरेफकडेही नोंद करा, २०२३ पासून मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस त्यांच्याकडेच आहे आणि सगळ्यांना खुला आहे.

मूळ लेखकाला किंवा त्यांच्या घरच्यांना आणि मूळ प्रकाशकाला पत्र पाठवा. वर म्हटलेल्या नऊ पानांचा लेख आम्ही छापायच्या आधीच थांबवला होता, तरी मी त्या लेखकाच्या मुलीला शोधून पत्र लिहिलं होतं. त्यांनी उत्तरात पुस्तकाची एक प्रत पाठवली, ती आता कॉलेजच्या लायब्ररीत आहे.

तुमचाच लेख कुणी उचलला असेल तर

फेसबुकवर लिहायच्या आधी पुरावा गोळा करा, कारण आरडाओरडा झाला की पान गायब होतं. त्यांचं पान वेबॅक मशीनमध्ये (इंटरनेट अर्काइव्हची जुनी वेबपानं जपणारी साइट) सेव्ह करा, पीडीएफ उतरवून घ्या, तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. दोन रकान्यांचा तक्ता करा. तुमचं आधीचं प्रकाशन सिद्ध करणारं काहीही, अंकाचं मुखपृष्ठ, स्वीकारल्याचा ईमेल, शोधगंगेवरची तारीख. मग त्या जर्नलच्या संपादकाला लिहा, आरोप न करता, तक्ता जोडून, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते सांगून. ज्या जर्नलमध्ये तुमचा लेख आला होता त्या संपादकालाही कळवा, दोन संपादकांनी एकमेकांशी बोललेलं लवकर फळतं. महिना गेला तर प्रकाशकाला, मग त्या लेखकाच्या संस्थेला. जर्नल कोपचं सभासद असेल आणि दाद देत नसेल तर कोपकडेही तक्रार करता येते.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलकडून उत्तर यायची आशा कमी. तिथे त्यांच्या मागे वेळ घालवण्यापेक्षा लेखकाच्या संस्थेकडे जा, कारण तो लेख ज्याच्या प्रमोशनच्या फाइलमध्ये लागलाय ती फाइल संस्थेकडेच आहे, आणि उचलेगिरी नंतर सिद्ध झाली तर आधी मिळालेला लाभही रोखून ठेवता येतो, अशी तरतूद त्याच २०१८ च्या नियमांत आहे. पत्रात ती तरतूद नाव घेऊन लिहा आणि स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा.